बाटल्यांऐवजी पावडरी: घरातल्या धुण्यापुसण्याच्या वस्तू बदलतानाच्या नोंदी

४ जानेवारी

ओट्याखालचं आणि न्हाणीघरातलं कपाट रिकामं करून सगळ्या बाटल्या जमिनीवर मांडल्या. काचेची वेगळी, फरशीची वेगळी, टाइल्सची वेगळी, सिंकची वेगळी, शिवाय 'सर्व कामांसाठी' म्हणवणाऱ्या आणखी. मागच्या बाजूचे घटक वाचत गेले तर मूळ प्रकार मोजकेच निघाले. क्षाराचे डाग काढायला आम्ल, तेलकटपणा काढायला अल्कली, सुटलेला मळ पाण्यात धरून ठेवायला फेस करणारं द्रव्य आणि घासायला काहीतरी खरखरीत. बाकी रंग, वास आणि भरपूर पाणी. फवारणीच्या बहुतेक बाटल्यांत पाणीच नव्वद टक्क्यांच्या वर असतं. ते पाणी प्लास्टिकात भरून, लांबून वाहून आणून आपण विकत घेतो.

बेत असा: प्रत्येक प्रकारातली एकेक कोरडी पावडर घ्यायची आणि पाणी घरचं घालायचं. तीन पावडरी ठरवल्या. सायट्रिक अॅसिड म्हणजे लिंबूसत्त्व, धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा. व्हिनेगर घरात आहेच.

दोन नियम. आहे ती बाटली संपल्याशिवाय तिच्या जागी नवं काही आणायचं नाही. अर्धी भरलेली बाटली फेकून 'पर्यावरणस्नेही' बाटली आणण्यात कुणाचंच भलं नाही. आणि खर्च दर बाटलीचा नव्हे, दर वापराचा मांडायचा. किमती जागोजागी वेगळ्या असतात, म्हणून इथे रकमा लिहीत नाही, जुन्या वस्तूशी तुलना लिहिते.

९ जानेवारी

कुठलाही नुस्खा करण्याआधी घरच्या पाण्याची परीक्षा केली. हे सगळ्यात आधी करा. पुढचं निम्मं यशापयश यावरच ठरलं.

झाकणाच्या दोन सारख्या पारदर्शक बाटल्या. एकीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत नळाचं, दोन्हींत पाणी सारखंच. साध्या साबणाची वडी किसून गरम पाण्यात विरघळवली आणि ड्रॉपरने प्रत्येकीत तेवढेच थेंब टाकून जोरात हलवलं. डिस्टिल्ड पाण्यावर बोटभर फेस आला आणि टिकून राहिला. नळाच्या पाण्यावर फेस आलाच नाही. पाणी दुधाळ झालं आणि काचेला पांढुरके कण चिकटले. थेंब वाढवत गेल्यावर कुठे फेस धरला. म्हणजे आधीचा सगळा साबण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम खाऊन टाकत होतं.

पाण्याचा कठीणपणा एका लिटरमागे कॅल्शियम कार्बोनेटचे किती मिलिग्रॅम असा मोजतात. सर्वसाधारण वर्गवारीत ६० पर्यंत मऊ, १२० च्या वर कठीण, १८० च्या वर अतिकठीण. मोजपट्टी लावून पाहिली, आमचं शेवटच्या गटातलं. ज्यांचं पाणी मऊ आहे त्यांनी साबणाबद्दलच्या माझ्या पुढच्या तक्रारी निम्म्याने कमी करून वाचाव्यात.

११ जानेवारी

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र. हा नुस्खा इतक्यांनी सांगितला होता की करून पाहणं भागच होतं. सिंकमध्ये सोडा पसरला, वर व्हिनेगर ओतलं, भरपूर फसफसलं. फसफसणं थांबल्यावर पुसून पाहिलं तर तेलाचा ओघळ होता तिथेच आणि नळाच्या बुडाचा पांढरा थरही जागचा हललेला नाही.

कारण सरळ आहे. एक आम्ल, दुसरा अल्कलीकडे झुकणारा. एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं सोडियम अॅसिटेटचं पाणी. त्याने ना क्षार सुटतो ना तेल. दिसायला छान, कामाला शून्य, आणि दोन्ही वस्तू वाया.

वेगवेगळे वापरले तेव्हा दोघांनीही काम केलं. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नळाच्या बुडाशी गुंडाळून ठेवलं, थर मऊ पडून निघाला. खायच्या सोड्याची पाण्यात कालवलेली लुकणी सिंकवर घासली, ओघळ निघाला. हा सोडा घासायला चांगला, कारण त्याचा कणच मऊ असतो. पदार्थ किती टणक ते सांगणाऱ्या मोह्सच्या १ ते १० च्या मापावर साधारण अडीच, काच साडेपाचच्या आसपास. काचेवर ओरखडा पडत नाही. पॉलिश केलेलं लाकूड आणि चकचकीत प्लास्टिक मात्र लांब ठेवावं.

इथेच एक इशारा ठळक लिहून ठेवते. कपड्याचं किंवा संडासाचं क्लोरीनवालं ब्लीच आणि कुठलंही आम्ल, मग ते व्हिनेगर असो की लिंबूसत्त्व, एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबरही ब्लीच नको, त्यातून क्लोरामाइन निघतात. घरगुती प्रयोग करणाऱ्यांनी सगळं एकाच बादलीत ओतायची हौस आवरावी.

१९ जानेवारी

लिंबूसत्त्व आलं. पहिलं गिऱ्हाईक विजेची किटली. तळाला करड्या-पांढऱ्या पापुद्र्यांचा थर होता. एक लिटर पाण्यात मोठे दोन चमचे, म्हणजे २५–३० ग्रॅम, घालून उकळलं. थर गेला, पण धुतल्यावर आतून पिठासारखा नवाच पातळ लेप दिसायला लागला, आणि तो घासूनही जाईना.

तो कॅल्शियम सायट्रेट होता. हा क्षार गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षा कमी विरघळतो, त्यामुळे उकळलं की सुटलेलं कॅल्शियम नव्या रूपात परत बसतं. पुढच्या खेपेला कोमट पाण्यात पावडर विरघळवून तशीच झाकून ठेवली, उकळलं नाही. तासाभरात बुडबुडे थांबले आणि किटली लख्ख. आधीचा लेप थंड व्हिनेगरने काढला.

त्याच द्रावणात शॉवरचं तोंड भिजवलं, बंद पडलेली भोकं उघडली. संडासाच्या भांड्यात पाण्याच्या रेषेवर साठलेल्या कड्यासाठी रात्री कोरडी पावडरच टाकून ठेवली आणि सकाळी ब्रशने घासली. एकदा ब्लीच वापरलेलं असेल तर आधी दोन-तीनदा फ्लश करून भांडं स्वच्छ पाण्याचं करून घ्यायचं, कारण वर लिहिलंच आहे.

कुठे वापरू नये: संगमरवर, चुनखडीचे दगड, त्या प्रकारच्या फरशा. आम्ल दगडच खातं आणि चकाकी गेली की परत येत नाही. टाइल्समधल्या सिमेंटच्या सांध्यांवरही भिजवत ठेवायचं नाही.

खर्च: टाइल क्लीनर आणि डिस्केलर अशा दोन बाटल्यांची जागा एका पाकिटाने घेतली, दर वापराला पाव खर्चही येत नाही. सगळ्या बदलांत हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फायद्याचा. कुणाला एकच गोष्ट करायची असेल तर हीच करावी.

(सौम्य द्रावण बाटलीत करून ठेवू नका. काही आठवड्यांनी त्यात बुरशीचे तंतू तरंगताना दिसतात. लागेल तेवढंच करावं. पावडरही हवाबंद बरणीत, नाहीतर दमट हवेत तिचा दगड होतो.)

२६ जानेवारी

धुण्याच्या सोड्याची गंमत. दुकानात दोन प्रकार मिळतात, पारदर्शक खडे आणि पांढरी भुकटी. खड्यांचं पाकीट स्वस्त म्हणून घेतलं. पण खड्यांमध्ये सोड्याच्या प्रत्येक रेणूला पाण्याचे दहा रेणू बांधलेले असतात. वजनाच्या हिशेबाने १०० ग्रॅम खड्यांत सोडा जेमतेम ३७ ग्रॅम, उरलेलं पाणी. भुकटीचं पाकीट दिसायला महाग, पण पूर्ण सोडाच. हिशेब मांडल्यावर भुकटी स्वस्त पडली. शिवाय नुस्ख्यात 'दोन चमचे' लिहिलेलं असतं तेव्हा कशाचे ते कुणी लिहीत नाही, आणि तिथे जवळपास तिप्पट फरक पडतो.

भुकटी मिळत नसेल तर खायच्या सोड्यापासून घरी होते. ओव्हनमध्ये पसरट ट्रेमध्ये २०० अंश सेल्सिअसला तासभर, मधे एकदा हलवून. झालं की नाही ते वजनावरून कळतं. १०० ग्रॅम ठेवले होते, काढल्यावर ६३ ग्रॅमच्या आसपास भरले की काम फत्ते. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून गेलेला असतो. काटा ७५ दाखवत असेल तर परत आत. पण ओव्हनच्या विजेचा खर्च धरला तर विकतची भुकटीच परवडते, हे करून पाहिल्यावर पटलं.

हा सोडा खायच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र असतो. द्रावणाचा पीएच ११ च्या आसपास जातो, खायच्या सोड्याचा ८ च्या थोडा वर. हातमोजे घालावेत. करपलेल्या स्टीलच्या भांड्यात पाणी आणि चमचाभर सोडा घालून दहा मिनिटं उकळलं की करपा पापुद्र्याने सुटून येतो. अॅल्युमिनियमच्या भांड्यात हे कधीच करू नये. भांडं काळं पडतं आणि धातू झिजतो.

८ फेब्रुवारी

हात धुण्याचा द्रव साबण. पहिला प्रयत्न, साबणाची वडी किसून पाण्यात शिजवणं. गरम असताना छान पातळ होतं, सकाळी भांड्यात लिबलिबीत गोळा. चमच्याला धरून उचलला तर शेपटासारखा ओढला जात होता. पाणी वाढवलं, ढवळलं, पंपात भरलं, पंप तुंबला. वडीचा साबण सोडियमचा असतो आणि तो पाण्यात असाच जेली होतो. पातळ राहणारा साबण पोटॅशियमचा असतो. तो वेगळाच पदार्थ, किसून बनत नाही.

जेली सैल करायला कुणीतरी सुचवलेलं व्हिनेगर घातलं. साबण फाटला, वर चिकट पांढरा तवंग आणि खाली गढूळ पाणी. आम्लाने साबणाचं परत मेद-आम्ल होतं. ते ओतून टाकलं.

मग वाटलं, वडीच वापरावी की! खाली भोकं असलेली साबणदाणी आणली, ज्यात वडीखाली पाणी साचत नाही. वडी पाण्यात बसली नाही तर कितीतरी जास्त पुरते. बाटली नाही, पंप नाही, आणि बाथरूमच्या नुसत्या या एका बदलाने खर्च निम्म्यावर. पाहुण्यांसाठी जुना फेसाळ पंप ठेवला आहे, त्यात विकतच्या द्रव साबणाचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग. पाणी घातलं की साबणातलं संरक्षक द्रव्यही पातळ होतं, म्हणून थोडंच करते आणि लवकर संपवते.

भांड्यांसाठी वडी मात्र आमच्या पाण्यात चालली नाही. स्टीलवर धूसर थर, काचेच्या पेल्यांवर तर बोटाने रेघ ओढता येईल इतका. भांड्यांचा द्रव आहे तोच ठेवला, फक्त मोठ्या कॅनमध्ये घेते आणि थेट भांड्यावर न ओतता वाटीतल्या पाण्यात कालवून घेते. सगळं बदललंच पाहिजे असा काही हट्ट नाही.

१५ फेब्रुवारी

कपड्यांची पावडर. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून सविस्तर.

सगळीकडे फिरणारा नुस्खा: किसलेला साबण, धुण्याचा सोडा आणि बोरॅक्स. बोरॅक्स सुरुवातीलाच गाळला. बोरॉनचे हे क्षार युरोपीय संघात प्रजननक्षमतेला घातक म्हणून वर्गीकृत आहेत, आणि त्याच्यावाचून अडत नसताना घरात कशाला आणायचा. उरलं साबण एक वाटी, सोडा एक वाटी. दर धुण्याला दोन चमचे.

पहिल्या धुण्यांचा निकाल उत्तम. कपडे मऊ, वास नाही, खर्च जुन्या पावडरीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. आईचं मत: "आत्ता बरं दिसतंय. पांढरे कपडे मात्र माझे मी धुते."

२० मार्च

आईचे पांढरे कपडे पांढरेच आहेत. बाकीच्यांचं काय झालं ते लिहिते.

टॉवेल कडक झाले, इतके की वाळल्यावर दांडीवरून काढला तरी घडीचा आकार सोडत नव्हते. वरून पाणी टाकलं तर थेंब क्षणभर गोळा होऊन घरंगळला. टॉवेलच पाणी पीत नाही! रंगीत कपड्यांवर करडी झाक. कॉलरच्या आत हात फिरवला तर मेणचट लागतं. घामाचा वास धुतल्यावर जातो आणि अंगावर घालून थोडं गरम झालं की परत येतो. मशीनच्या रबराच्या कडेखाली बोट घातलं तर राखी रंगाचा लोण्यासारखा लगदा निघाला.

९ जानेवारीच्या बाटलीत दिसलेले पांढुरके कण आठवा. तेच कापडाच्या धाग्यांत बसले आहेत. साबण आणि कॅल्शियम मिळून न विरघळणारी चिकट मळी तयार होते. सोडा पाण्यातलं कॅल्शियम बऱ्यापैकी खाली बसवतो, पण आमच्या पाण्याला दोन चमच्यांतला सोडा पुरत नव्हता. त्यातून नळ उघडून खळबळताना परत ताजं कठीण पाणी येतं आणि कपड्यातला उरलेला साबण तिथेच फाटतो. मशीनमध्ये चोळणं नाही आणि पाणी थोडं, म्हणून हातधुण्यात जे खपून जातं ते मशीनमध्ये साठत राहतं. डिटर्जंटची बांधणीच अशी असते की कॅल्शियमशी त्याची अशी मळी होत नाही. साबण आणि डिटर्जंट एकच असं धरून चालणारे सगळे घरगुती नुस्खे इथेच आपटतात.

२२ मार्च

उपाय. बादलीत हाताला सोसेल त्याहून गरम पाणी, भुकटी सोडा चार मोठे चमचे, साधी डिटर्जंट पावडर एक चमचा. टॉवेल बुडवून पाणी पूर्ण निवेपर्यंत ठेवले, अधूनमधून काठीने खालीवर केले. पाणी आधी पिवळट, मग करडं, शेवटी वर तवंग. हे टॉवेल 'स्वच्छ' म्हणून कपाटात घडी घालून ठेवलेले होते. मग नुसत्या पाण्यात मशीनला दोनदा फिरवले. पुन्हा थेंब टाकून पाहिला, लगेच जिरला.

लोकर आणि रेशीम यात घालायचं नाही, तीव्र अल्कली त्या धाग्यांचं नुकसान करते. रंग सुटणारे कपडे वेगळे.

या सगळ्यात गेलेलं गरम पाणी, वीज आणि वेळ धरला तर घरगुती पावडरीने वाचवलेलं सगळं परत गेलं. थोडं जास्तच गेलं असावं.

५ एप्रिल

कपड्यांसाठी आता स्थिरावलेली पद्धत. पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळणारी, वास नसलेली डिटर्जंट पावडर. द्रवापेक्षा पावडर बरी, पाणी वाहून आणावं लागत नाही आणि प्लास्टिकची बाटली नाही. खरी बचत मापात सापडली. सोबत येणाऱ्या मापाच्या डब्यातली रेघ शोधावी लागते आणि आपण तो डबा सर्रास काठोकाठ भरतो. पाकिटामागे कठीण पाण्यासाठी दिलेलं माप चमच्याने मोजलं तर आम्ही आजवर जवळजवळ दुप्पट घालत होतो. काहीही नवीन न आणता खर्च निम्मा झाला.

फॅब्रिक सॉफ्टनर बंद. तो धाग्यावर मेणचट लेप देतो, टॉवेलची पाणी टिपण्याची ताकद त्याने कमी होते. त्याऐवजी शेवटच्या पाण्यात अर्धा चमचा लिंबूसत्त्व विरघळवून. उरलेली अल्कली मारली जाते आणि कापड मऊ राहतं. व्हिनेगरनेही तेच होतं, पण नेहमी वापरलं तर मशीनच्या रबरी सिलना ते बाधतं असं दुरुस्तीवाले सांगतात, म्हणून टाळलं.

गरम पाण्याचं धुणं फक्त चादरी, टॉवेल आणि पुसण्याच्या फडक्यांना. धुण्यात सर्वांत जास्त ऊर्जा पाणी तापवायला लागते, मशीन फिरवायला नाही. बाकी सगळं थंड पाण्यात आणि दोरीवर वाळत.

१२ एप्रिल

पांढऱ्या कपड्यांसाठी सोडियम परकार्बोनेट, दुकानात 'ऑक्सिजन ब्लीच' नावाने मिळतं. पाण्यात पडलं की धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सुटे होतात, वजनाच्या साधारण ३० टक्के पेरॉक्साइड. काम झाल्यावर उरतो सोडा, पाणी आणि ऑक्सिजन.

थंड पाण्यात टाकून पाहिलं, डाग जसाच्या तसा. ४० अंशांच्या वर पाणी गेलं तर ते जागं होतं, ६० ला चांगलं. गरम पाण्यात चहाचा जुना डाग तासाभरात फिकट आणि दुसऱ्या खेपेला गायब. रक्ताचा किंवा दुधाचा डाग असेल तर आधी थंड पाण्यात भिजवून काढावा, थेट गरम पाण्यात घातला की प्रथिन गोठून डाग पक्का होतो.

पावडर विरघळवून फवारणीच्या बाटलीत भरून ठेवू नये. ऑक्सिजन सुटत राहतो, बाटली फुगते, घट्ट झाकण असेल तर फुटू शकते. दुसऱ्या दिवशी त्यातला दमही गेलेला असतो. उघड्या बादलीत, लागेल तेव्हाच.

रिठेही करून पाहिले. टरफलं गरम पाण्यात भिजवून पिळली, फेस बरा येतो. पण पांढऱ्या कपड्यावर पिवळट छटा येते आणि द्रावण चार दिवसांत आंबतं. रोजच्या मळकट कपड्यांना पुरे पडत नाहीत. लोकरीच्या शाली आणि रेशमासाठी मात्र ठेवले आहेत, तिथे ते डिटर्जंटपेक्षा सौम्य. उरलेलं द्रावण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते.

३ मे

कागदी टॉवेल बंद. जुने टॉवेल आणि बनियन कापून फडकी केली. कापायच्या आधी नवं सुती कापडही आणलं होतं, ते वाया गेल्यासारखं वाटलं, कारण ते पाणी टिपेचना. नव्या सुतावर मूळचं मेण आणि खळ असते. सोडा घालून गरम पाण्यात दोनदा धुतल्यावर कामाला लागलं. जुनं मऊ कापड पहिल्या दिवसापासून चांगलं. त्यामुळे यासाठी काही विकत घ्यायची गरजच नाही.

अडलं ते तेलाशी. तेलकट फडकी बाकीच्या धुण्यात घातली की सगळ्यालाच वास. आता अगदी विरलेल्या तुकड्यांची एक पिशवी वेगळी आहे. खूप तेल किंवा ओंगळ काही पुसायचं असेल तर तिच्यातलं एक घ्यायचं आणि टाकून द्यायचं. काचेसाठी पाणी आणि व्हिनेगर समसमान. पहिल्यांदा काचेवर पट्टे उमटले, ते आधीच्या क्लीनरच्या उरलेल्या थराचे. एकदा भांड्यांच्या द्रवाने काच धुऊन घेतल्यावर पट्टे थांबले.

प्लास्टिकच्या स्पंजऐवजी घोसाळ्याची वाळलेली जाळी आणि काथ्याचा घासणा. जाळी सुरुवातीला टोचते, भिजली की मऊ. सिंकमध्ये पडून राहिली तर कुजते. आकड्याला टांगली की दोन-तीनपट टिकते. नॉनस्टिकवर काथ्या नको.

२४ मे

खाणं झाकायच्या प्लास्टिकऐवजी मेणाचं कापड. नुसतं मधमाश्यांचं मेण इस्त्रीने कापडात मुरवलं. कडक झालं, घडीवर तडे गेले आणि वाटीला चिकटेना. मेणात थोडी राळ आणि थोडं तेल लागतं, राळेने चिकटपणा येतो आणि तेलाने लवचीकपणा. राळ वितळायला वेळ लागतो, आधी ती आणि मग मेण. दुसरी तुकडी चांगली झाली. पण मेण ६२ ते ६४ अंशांनाच वितळतं, म्हणून गरम पदार्थावर नाही आणि गरम पाण्याने धुणंही नाही. कच्च्या मांसमच्छीला तर नाहीच.

खरं सांगायचं तर वाटीवर बशी पालथी घातली की हेच काम होतं. घरात आता बशीच जास्त वापरली जाते.

१४ जून

उरलेल्या वस्तू एकत्र.

बांबूचे दात घासायचे ब्रश: दांडा बांबूचा, केस बहुतेक नायलॉनचेच. खतात टाकायच्या आधी ते पक्कडीने उपटावे लागतात. पेल्यात उभा ओला राहिला की बुडाला काळा पडतो, आडवा ठेवावा.

शाम्पूची वडी: दोन जाती असतात. खरा साबण असलेली वडी आमच्या पाण्यात केसांवर तीच मळी सोडते, केस चिकट. सौम्य डिटर्जंटपासून बनवलेली चालते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, घटकांची यादी वाचूनच घ्यावी.

'जैवविघटनशील' पिशव्या: खताच्या डब्यात घातलेली पीएलएची, म्हणजे वनस्पतींच्या साखरेपासून केलेल्या प्लास्टिकची, पिशवी महिन्यांनंतरही अखंड. हा पदार्थ लवकर कुजायला ५८–६० अंशांचं तापमान सातत्याने लागतं, ते औद्योगिक खतप्रकल्पात असतं, घरच्या डब्यात नसतं. ओल्या कचऱ्याचा डबा आता नुसताच, रद्दी कागद तळाला घालून.

कापडी पिशव्या: नव्या आणल्या नाहीत. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हवामानबदलाच्या हिशेबाने, एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते असं निघालं होतं. दाराच्या खुंटीवर आधीच फुकट मिळालेल्या पिशव्यांचा गठ्ठा आहे, त्यांचेच १३१ पूर्ण होवोत.

२८ जून

कपाटात आता: लिंबूसत्त्व, भुकटी सोडा, खायचा सोडा, परकार्बोनेट, व्हिनेगर, भांड्यांचा द्रव, कपड्यांची पावडर. प्रत्येक बरणीवर नाव आणि भरल्याची तारीख. चारही पावडरी पांढऱ्या आहेत आणि त्यांतला फक्त एक सोडा खायचा आहे, म्हणून चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरात, आणि खायचा सोडा वेगळ्या फळीवर.

जंतुनाशकाची एक बाटली ठेवली आहे आणि ती जाणार नाही. व्हिनेगर किंवा सोडा जंतुनाशक म्हणून भरवशाचे नाहीत. रोजच्या साफसफाईला साबण-पाणी पुरतं, पण घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले तर संडास आणि नळाच्या मुठींसाठी ब्लीचच लागतं. ते न्हाणीघराच्या वरच्या कप्प्यात आहे, लिंबूसत्त्वाच्या बरणीपासून मुद्दाम लांब. ब्लीच साठवणीत हळूहळू कमजोर होत जातं, म्हणून यापुढे लहान बाटलीच आणायची.